रिपोर्टातले ‘राइट-लेफ्ट’ : आपल्या शरीराच्या दिशा ओळखा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गेवराई तालुक्यातल्या एका खेड्यातून एक तरुण शेतकरी आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आला. वडील पासष्टीचे. चार दिवसांपूर्वी पहाटे उठताना त्यांचा डावा हात आणि डावा पाय एकाएकी लुळा पडला होता. मुलाने हयगय न करता त्यांना शहरात नेले. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, एक दिवस ठेवून घेतले, औषधे लिहून मिळाली. घरी आल्यावर मुलाने रिपोर्ट वाचायला घेतला. बारावीपर्यंत शिकलेला मुलगा, इंग्रजी अक्षरे लागत होती. पाहतो तर रिपोर्टात ठिकठिकाणी ‘राइट’ हा शब्द! वडिलांचे अंग गेले डावे आणि रिपोर्ट म्हणतो उजवीकडे. हा कागद दुसऱ्याच कोणाचा तरी आहे, अशी त्याची खात्री पटली. त्याने औषधे सुरूच केली नाहीत. उसनवारी करून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा स्कॅन काढला. तिथेही ‘राइट’च!

“साहेब, अण्णांचं डावं अंग गेलंय अन् दोन्ही कागदांवर राइट लिहिलंय. दोन्हीकडं चुकलं म्हणावं का?” त्याने विचारले.

“दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत,” मी म्हणालो. “आजार डोक्यात उजव्या बाजूला झालाय, म्हणूनच अंग डावीकडचं गेलंय.”

वाचकहो, मेंदूचे दोन भाग असतात, उजवा आणि डावा. मेंदूतून हातापायांकडे हुकूम नेणारे बहुतेक तंतू खाली उतरताना, मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो त्या ठिकाणी, एकमेकांना ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. त्यामुळे उजवा मेंदू डावे अंग हलवतो आणि डावा मेंदू उजवे अंग. उजव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की डावा हात-पाय लुळा पडतो. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र डाव्या मेंदूत असते, म्हणून उजवे अंग गेलेल्या रुग्णाची वाचाही पुष्कळदा जाते.

इतकी साधी गोष्ट कोणी दोन वाक्यांत सांगितली असती, तर त्या घराचे पैसे वाचले असते आणि औषधाचे दिवस वाया गेले नसते. पण डॉक्टरला घाई आणि रुग्णाला संकोच, यात ती राहून गेली. आज एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅनचे कागद घरोघरी साठलेले असतात. त्यांतले निम्मे अवघड शब्द रोगाचे नसतातच, ते फक्त दिशेचे असतात. पाकिटावर जसा पत्ता, तसे हे शब्द. ते कळले की रिपोर्टाची निम्मी भीती जाते. म्हणून या आठवड्यात शरीराच्या दिशांविषयी.

उजवे कोणाचे?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा : वैद्यकशास्त्रात उजवे-डावे हे नेहमी रुग्णाचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे. डॉक्टर रुग्णासमोर उभा असो, मागे असो की डोक्याशी असो, ‘राइट’ म्हणजे रुग्णाचा उजवा हात ज्या बाजूला ती बाजू.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. उजव्या सोंडेचा गणपती आपण म्हणतो, तेव्हा ती सोंड गणपतीच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे वळलेली असते. समोर हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताला ती आपल्या डावीकडे दिसते. म्हणून काही आपण तिला डाव्या सोंडेचा म्हणत नाही. दुसरे उदाहरण जायकवाडीचे. पैठणहून निघून गेवराईच्या शिवारातून माजलगावकडे येणारा तो ‘उजवा कालवा’. उजवा कोणाचा? गोदावरीचा. नदी ज्या दिशेने वाहते, त्या दिशेला तोंड करून तिचा उजवा हात ठरवलेला आहे. तुम्ही कालव्याच्या कोणत्या काठावर उभे आहात, यावर त्याचे नाव बदलत नाही. शरीराचेही तसेच.

एक्स-रेची फिल्म काचेच्या दिव्यावर लावतात ती रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे अशा रीतीने. त्यामुळे फिल्ममध्ये आपल्या डाव्या हाताला दिसते ती रुग्णाची उजवी बाजू. फिल्मच्या कोपऱ्यात ‘आर’ किंवा ‘एल’ हे इंग्रजी अक्षर असते, ते याच कारणासाठी. सीटी स्कॅनमध्ये शरीराचे जे आडवे काप दिसतात, ते रुग्ण उताणा झोपला आहे आणि आपण त्याच्या पायांकडून वर पाहत आहोत, अशा रीतीने मांडलेले असतात. तिथेही उजवे-डावे समोरासमोर उलटेच दिसते. मोबाईलवर फिल्मचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवताना फिल्म उलटी धरली गेली तर घोटाळा होतो. तेव्हा फोटोत ते अक्षर सुलटे वाचता येते की नाही, एवढे अवश्य पाहावे.

एक सावधगिरी आणखी. कमरेच्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल-४, एल-५’ असे लिहिलेले असते. तिथे ‘एल’ म्हणजे लेफ्ट नव्हे. ‘एल’ म्हणजे लंबर, कमरेचा मणका. चौथा आणि पाचवा मणका एवढाच त्याचा अर्थ.

उभे राहा, तळहात पुढे

आता दुसरा नियम. माणूस बसतो, झोपतो, वाकतो, हात फिरवतो. मग ‘वर’ कोणते आणि ‘पुढे’ कोणते? यासाठी शरीररचनाशास्त्राने एक ठरावीक उभे राहणे मानले आहे. ताठ उभे राहा. तोंड समोर. पाय जवळ, पावले पुढे. हात खाली सोडलेले, आणि तळहात पुढे वळवलेले, म्हणजे दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला येतील. प्रत्यक्षात रुग्ण कसाही असला तरी वर्णन करायचे ते तो असा उभा आहे असे धरूनच. खाटेवर आडव्या पडलेल्या रुग्णाचेही ‘वर’ म्हणजे डोक्याकडे आणि ‘खाली’ म्हणजे पायांकडे. छपराकडे आणि जमिनीकडे नव्हे.

तळहात पुढेच का? हाताच्या पुढच्या भागात, म्हणजे कोपर ते मनगट, दोन हाडे असतात. तळहात पुढे असताना ती शेजारी-शेजारी सरळ राहतात. तळहात मागे वळवला की एक हाड दुसऱ्यावर आडवे येते आणि आत-बाहेरचा हिशेब चुकतो.

अंबाजोगाईला १९७४ साली सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो की मुंबई-पुण्याचे कोणतेही महाविद्यालय, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुला-मुलींना पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र शिकावे लागते आणि त्यात आरंभालाच हे उभे राहणे आणि या दिशा येतात. कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून. एकोणिसाव्या शतकात युरोपात शरीराच्या सुमारे ५,००० भागांना मिळून जवळजवळ ५०,००० नावे झाली होती. एकाच नसेला एका गावी एक नाव, दुसऱ्या गावी दुसरे. अखेर १८९५ साली बाझल येथे शास्त्रज्ञांनी एकच यादी मान्य केली, आणि तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत आली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून अवयव पाहण्याची रीत सांगितली आहे, आणि डोळे, कान, नाक, डोके यांच्या रोगांना आयुर्वेद ‘ऊर्ध्वजत्रुगत’ म्हणतो, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरचे. रोगाचे ठिकाण दिशेने सांगण्याची गरज तेव्हाच्या वैद्यांनाही होतीच.

दिशांच्या जोड्या

रिपोर्टात येणारे शब्द इंग्रजी असले तरी ते जोडीजोडीने येतात. एक-एक जोडी पाहू.

अँटेरियर आणि पोस्टेरियर : पुढचा आणि मागचा. बेंबी पुढे, पाठीचा कणा मागे. छातीच्या एक्स-रेवर ‘पीए व्ह्यू’ लिहितात, त्याचा अर्थ किरण मागून शिरून पुढे बाहेर पडले. “छाती प्लेटला चिकटवा, श्वास घ्या, रोखून धरा” असे सांगतात ते यासाठीच. हृदय पुढच्या बाजूला असते, ते प्लेटच्या जवळ राहिले की त्याची सावली उगाच मोठी दिसत नाही. कमरेच्या रिपोर्टात ‘पोस्टेरियर डिस्क बल्ज’ म्हणजे दोन मणक्यांमधली गादी मागच्या बाजूला थोडी फुगली आहे. मागे मज्जारज्जू आणि नसा असतात म्हणून त्याकडे लक्ष द्यायचे. पण अशी थोडी फुगलेली गादी काहीही न दुखणाऱ्या माणसांतही वरचेवर सापडते. नुसत्या या शब्दावरून शस्त्रक्रियेच्या काळजीत पडू नये.

सुपीरियर आणि इन्फीरियर : वरचा आणि खालचा. बाजारात सुपीरियर म्हणजे उंची माल आणि इन्फीरियर म्हणजे हलका. शरीरात तसे काही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात ‘इन्फीरियर वॉल’ असा शेरा असला की काही नातेवाईक निर्धास्त होतात : “इन्फीरियर म्हंजी हलकाच असंल.” हे फार धोक्याचे आहे. त्याचा अर्थ एवढाच की हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला. अशा झटक्यात दुखणे कधीकधी छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात येते आणि माणूस ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पीत बसतो. मळमळ, दरदरून घाम आणि छातीखाली जड दुखणे एकदम आले, तर ईसीजी काढल्यावाचून घरी थांबू नये.

मेडियल आणि लॅटरल : आतला आणि बाहेरचा. नाकाच्या शेंड्यापासून बेंबीतून खाली एक उभी रेघ कल्पावी. तिच्या जवळचे ते मेडियल, तिच्यापासून दूरचे ते लॅटरल. येथे एक गंमत आहे. तळहात पुढे करून उभे राहिल्यावर हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला येतो, पण पायाचा अंगठा आतल्या बाजूला असतो. गुडघा मुरगळला तर आतून दुखतो की बाहेरून, हे डॉक्टरला सांगावे, कारण दोन्हीकडचे स्नायुबंध वेगळे आहेत.

प्रॉक्झिमल आणि डिस्टल : बुडाकडचा आणि शेंड्याकडचा. झाडाच्या फांदीसारखे समजा. खोडाजवळचा भाग प्रॉक्झिमल, शेंड्याकडचा डिस्टल. पडताना हात टेकला आणि ‘डिस्टल रेडियस फ्रॅक्चर’ निघाले, तर हाड मनगटाजवळ मोडले आहे. मुतखड्याचा रिपोर्ट आणणाऱ्यांनी ही जोडी नीट समजून घ्यावी. खडा ‘प्रॉक्झिमल युरेटर’मध्ये म्हणजे मूत्रनलिकेत मूत्रपिंडाजवळ आहे. ‘डिस्टल’ म्हणजे तो बराच खाली, मूत्राशयाजवळ उतरला आहे. लहान खडा असेल तर तो तिथून आपोआप पडून जाण्याची शक्यता अधिक.

सुपरफिशियल आणि डीप : वरवरचा आणि खोल. सोपी जोडी. जखम कातडीपुरती आहे की स्नायूपर्यंत गेली, एवढेच ती सांगते.

सुपाइन आणि प्रोन : उताणा आणि पालथा. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या रुग्णांना प्राणवायू वाढावा म्हणून पालथे झोपवत, ते ‘प्रोन’. या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. उताणा हात आणि पालथा हात हा फरक आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. हाताची पुढची बाजू तळहात आणि मागची मळहात. गुडघ्याखाली पुढे नडगी, मागे पोटरी. पायांकडून जन्मलेल्याला आपण पायाळू म्हणतो, आणि सोनोग्राफीत ‘ब्रीच’ लिहितात ते हेच. घरात वापरायचे हे शब्द दवाखान्यात मात्र आपण विसरतो आणि नुसते “पोटात दुखतंय” म्हणून थांबतो.

हे शब्द जोडूनही येतात. कमरेच्या पुढच्या बाजूला, पट्टा बांधतो तिथे हाडाचे एक टोक बोटाला लागते. त्याचे नाव ‘अँटेरियर सुपीरियर इलियाक स्पाइन’. ऐकायला भयंकर, पण अर्थ सरळ आहे : खुब्याच्या हाडाचे पुढचे, वरचे टोक.

‘पिशवी मागे झुकली’ म्हणजे आजार नव्हे

आता आपल्या जिल्ह्यातल्या भगिनींसाठी एक अगदी महत्त्वाची गोष्ट. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात गर्भाशयाविषयी ‘अँटेव्हर्टेड’ किंवा ‘रेट्रोव्हर्टेड’ असा शब्द असतो. हा रोग नव्हे, ही दिशा आहे. बहुतेक स्त्रियांची गर्भपिशवी पुढे, मूत्राशयाकडे झुकलेली असते, ती अँटेव्हर्टेड. साधारण पाच स्त्रियांमागे एकीची मागे, पाठीच्या कण्याकडे झुकलेली असते, ती रेट्रोव्हर्टेड. कोणाचे केस सरळ, कोणाचे कुरळे, तसलाच हा फरक. दिवस राहायला किंवा बाळंतपणाला त्याने सहसा अडचण येत नाही. कुठे जंतुसंसर्गामुळे किंवा दुसऱ्या आजाराने पिशवी मागे चिकटलेली असली तर गोष्ट वेगळी, पण तिथे उपचार करायचा तो त्या आजारावर.

हे विस्ताराने सांगण्याचे कारण आपण सर्व जाणतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढली गेल्याचे आढळले. त्यामागे कारणे अनेक : फडावरचे जड काम, स्वच्छतेची आणि पाण्याची सोय नसणे, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही ही ओढगस्त, आणि पिशवीत पुढे कर्करोग होईल ही मनात भरवलेली भीती. ज्या बाईला रिपोर्टातला एकही शब्द कळत नाही, तिला कोणीही कोणत्याही शब्दाने घाबरवू शकते. म्हणून सांगतो, ‘पिशवी उलटी आहे’, ‘पिशवी मागे पडली आहे’ एवढ्याच कारणासाठी कोणी शस्त्रक्रिया सुचवली, तर ताई, घाई करू नका. रिपोर्ट घेऊन अंबाजोगाईच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा आणि दुसरे मत घ्या.

गरोदरपणातल्या रिपोर्टाविषयीही असाच एक भ्रम आहे. ‘प्लॅसेंटा अँटेरियर’ म्हणजे वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे, ‘पोस्टेरियर’ म्हणजे मागच्या. पुढची म्हणजे मुलगी, मागची म्हणजे मुलगा, किंवा उजवीकडची म्हणजे मुलगा, असे तर्क बांधणारे महाभाग आहेत. हे निखालस खोटे आहे. वारेच्या जागेवरून मुलगा-मुलगी ठरत नाही. गर्भलिंग सांगणे आणि विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे हे तर झालेच, पण २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील १,००० मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, हा आकडा कोणीही विसरू नये. वार फार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर मात्र ते धोक्याचे असते. तेवढे डॉक्टरला जरूर विचारावे.

सुई कुठे?

आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही, असे मानणारे पुष्कळ. ढुंगणावर सुई घेताना एक दिशा ध्यानात ठेवा. एका बाजूचे ढुंगण मनाने चार भागांत वाटले, तर सुई वरच्या-बाहेरच्या चौथाईत द्यायची असते. खालच्या आणि आतल्या बाजूने पायाला जाणारी मोठी नस असते. सुई तिला लागली तर पाऊल लुळे पडू शकते. तान्ह्या मुलांच्या लसी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, तेही याच विचाराने. आणि बीसीजीची लस डाव्या दंडावर देण्याचा प्रघात आहे, म्हणजे तिचा व्रण कोठल्याही गावच्या नर्सला त्याच जागी सापडावा.

दुखणे सांगावे कसे?

डॉक्टरकडे जाताना या दिशा मनात ठेवून दुखणे सांगितले तर निदानाचे निम्मे काम होते. पहिले, पंजा फिरवून “इथं सगळीकडं” असे दाखवण्याऐवजी सर्वांत जास्त दुखते तिथे एक बोट ठेवा. दुसरे, बाजू सांगा. तुमची उजवी की तुमची डावी. तिसरे, बेंबीच्या वर की खाली. चौथे, वरवर दुखते की खोल. पाचवे, सुरू कुठे झाले आणि गेले कुठे.

या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व अपेंडिक्सच्या दुखण्यात कळते. ते पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजव्या बाजूला खाली सरकते. वर सांगितलेले कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ धरा. हाडापासून एक तृतीयांश अंतरावर दाबले की रुग्ण कळवळतो. हा बिंदू मॅकबर्नी या अमेरिकन शल्यवैद्याने १८८९ साली दाखवून दिला. दुखणे सरकले, हे रुग्णाने सांगितलेच नाही तर डॉक्टर नुसत्या गॅसच्या गोळ्या देऊन मोकळा होऊ शकतो.

अपवादही असतात. साधारण दहा हजारांत एखाद्या माणसाचे आतले अवयव आरशात दिसावे तसे उलटे असतात. हृदय उजवीकडे झुकलेले, यकृत डावीकडे आणि अपेंडिक्सही डावीकडे. अशा व्यक्तीने ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला आपणहून सांगितली पाहिजे.

शस्त्रक्रियेआधी

डोळे, मूत्रपिंडे, गुडघे, कान, हर्नियाच्या जागा ही सगळी जोडीची ठिकाणे. एका बाजूची शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूला होण्याच्या चुका जगभर, मोठमोठ्या रुग्णालयांतही झालेल्या आहेत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी तपासायची एक यादी तयार केली. रुग्णाला भूल देण्यापूर्वी त्याचे नाव, शस्त्रक्रिया आणि जागा त्याच्याकडूनच खात्री करून घ्यावी, आणि जागेवर खूण करावी, असे तिच्यात आहे.

मोतीबिंदूच्या शिबिरात आजी-आजोबांना नेताना घरच्यांनी हे लक्षात ठेवावे. कोणता डोळा, हे आजींनी स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि त्याच बाजूला कपाळावर खूण झालेली पाहावी. यात डॉक्टरवर अविश्वास नाही. विमान उडवण्यापूर्वी वैमानिकही यादी वाचूनच सगळे तपासतो. चांगला डॉक्टर असा प्रश्न विचारल्याबद्दल रागावत नाही.

लक्षात ठेवा

१. राइट-लेफ्ट म्हणजे रुग्णाचे उजवे-डावे, पाहणाऱ्याचे नव्हे.

२. पुढे-मागे, वर-खाली, आत-बाहेर हे शब्द आजाराचे ठिकाण सांगतात, गांभीर्य सांगत नाहीत. इन्फीरियर म्हणजे हलका नव्हे आणि रेट्रोव्हर्टेड म्हणजे रोग नव्हे.

३. मेंदूच्या आजारात रिपोर्टातली बाजू आणि लुळे पडलेले अंग उलट असणे हेच बरोबर आहे.

४. न कळलेल्या शब्दाखाली पेनाने रेघ ओढा आणि विचारा : “डॉक्टर, हे आजाराचे नाव आहे की जागेचे?”

५. अंग लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही एकाएकी झाले तर एक मिनिटही दवडू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही स्कॅन झाल्यावर.

त्या मुलाला मी दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. कागदावर एक डोके काढले, त्यातून दोन रेघा खाली आणल्या आणि मानेशी त्यांची फुली केली. तो बराच वेळ त्या फुलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “एवढंच होतं व्हय? मंग पहिल्या दिसापासून गोळ्या चालू केल्या असत्या की.” औषधे त्याच दिवशी सुरू झाली, व्यायामही शिकवला. अण्णा आता काठी टेकत अंगणात येतात. डाव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही. वाया गेलेल्या त्या दिवसांनी किती फरक पडला, हे कोणी सांगू शकणार नाही. पण तो चुकीचा वाटलेला शब्द त्याच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे, आणि गावात कोणाचा रिपोर्ट आला की लोक तो आधी त्याच्याकडे घेऊन जातात.